पडणें आणि उतरणें

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. दिवसा ती दरवाज्यानें गडावर चढली, त्यांत कोणास नवल वाटलें नाहीं. परंतु दरवाजे मिटल्यावर घरीं असलेल्या तान्ह्या लेंकरासाठीं ती जो कडा उतरली, त्या कड्यास तिचें नांव मिळालें. चढण्याचें कौतुक जग करीत असतें. पण कित्येक प्रसंगीं खरी कसोटी उतरण्याची असते. अवकाशयानांची गोष्टहि अशीच आहे. यान वर जातांना ज्वाळा दिसतात, गडगडाट ऐकूं येतो, हजारों लोक माना उंचावून पाहतात. तें परत येतें त्या वेळीं मात्र सर्वांत महत्त्वाचें काम पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, बहुधा एखाद्या निर्जन महासागरावर, कोणाच्या दृष्टीस न पडतां थोडक्या मिनिटांत उरकतें. तें काम म्हणजे गतिरोधक अग्निबाण पेटविणें. हे अग्निबाण कशाकरितां लागतात, ते केव्हां व कोणीकडे तोंड करून पेटवावे लागतात, आणि ते पेटलेच नाहींत तर काय होतें, ह्या तीन गोष्टींचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

यान वर कसें राहतें?

प्रथम एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस असें वाटतें कीं, फार उंच गेल्यामुळें यान पृथ्वीच्या आकर्षणाबाहेर पडतें व म्हणून तें खालीं येत नाहीं. हें खरें नव्हे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक भूपृष्ठापासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरतें. मुंबईहून सोलापूर रेल्वेनें ह्याहून अधिक दूर आहे! तेवढ्या उंचीवर पृथ्वीचें आकर्षण भूपृष्ठावरील आकर्षणाच्या शेंकडा ८९ इतकें शिल्लक असतें. मग यान पडत कां नाहीं? ह्याचें उत्तर असें कीं, तें सारखें पडतच असतें.

कान्हेरीच्या डोंगरमाथ्यावर उभें राहून आपण एक दगड समोर आडवा फेंकला, अशी कल्पना करा. तो पुढें जातां जातां खालीं झुकतो व पायथ्याशीं कोठेंतरी पडतो. अधिक जोरानें फेंकला तर अधिक दूर पडतो. आतां हवेचा अडथळा मुळींच नाहीं असें समजा, आणि दगड इतक्या वेगानें फेंका कीं, जितका तो खालीं झुकेल तितकीच पृथ्वीहि आपल्या गोलाईमुळें त्याच्याखालून वळत जाईल. असा दगड जमिनीस कधींच टेकणार नाहीं. तो पृथ्वीभोंवतीं फिरतच राहील. उंच डोंगरावरून सोडलेल्या तोफेच्या गोळ्याचा दृष्टान्त घेऊन न्यूटननें हाच विचार सतराव्या शतकांत मांडला होता.

४०० किलोमीटर उंचीवर ह्याकरितां लागणारा वेग सेकंदास सुमारें ७.७ किलोमीटर, म्हणजे ताशीं साडेसत्तावीस हजार किलोमीटरांहून थोडा अधिक असतो. ह्या वेगानें यान सुमारें ९२ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करतें. नुसत्या आंकड्यांनीं मनांत चित्र उभें राहत नसेल तर आपल्या उपनगरांकडे पाहा. पश्चिम रेल्वेवर अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, हीं दोन्हीं अंतरें सुमारें बारा बारा किलोमीटरांचीं आहेत. लोकल गाडीस तेवढ्यासाठीं वीसएक मिनिटें लागतात. अवकाशयान तितकी मजल दीड सेकंदांत मारतें. अंधेरीचें नांव उच्चारून होतें न होतें तोंच बोरिवली मागें पडलेली असते.

ह्यावरून ध्यानांत येईल कीं, यानास वर ठेवणारी गोष्ट त्याची उंची नसून त्याचा वेग आहे. म्हणून तें खालीं आणावयाचें असेल तर त्यास खालीं ढकलण्याच्या खटपटींत अर्थ नाहीं. त्याचा पुढें जाण्याचा वेग कमी केला पाहिजे.

ब्रेक लावावयाचा कशावर?

लोकलचा मोटरमन ब्रेक लावतो तेव्हां चाकें व रूळ ह्यांच्या घर्षणानें गाडी थांबते. अवकाशांत रूळ नाहींत, रस्ता नाहीं, पाणी नाहीं. टेकावयास किंवा धरावयास तेथें कांहींच नाहीं. अशा ठिकाणीं न्यूटनच्या गतिविषयक तिसऱ्या नियमाचाच आश्रय करावा लागतो. गोराईच्या खाडींत होडींतून कांठावर उडी घेणारा मनुष्य पुढें जातो व होडी मागें सरते, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हा नियम निराळा शिकवावयास नको. अग्निबाण आपल्या पोटांतील जळालेला वायु एका दिशेस जोरानें बाहेर टाकतो, आणि त्याच्या उलट दिशेस यानावर जोर पडतो. वायु मागें टाकला तर यानाचा वेग वाढतो. यान ज्या दिशेस चाललें आहे त्याच दिशेस वायु टाकला तर वेग घटतो. म्हणून ब्रेक लावण्यापूर्वीं यान फिरवून त्याच्या एंजिनाचें तोंड जाण्याच्या दिशेस करावें लागतें, आणि त्या स्थितींत तें किंचितहि न डगमगतां स्थिर धरून मगच एंजिन पेटवावें लागतें.

आतां वेग किती कमी करावयाचा? येथें विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. अवकाश स्थानकाहून परतणाऱ्या सोयूझ जातीच्या यानाचें एंजिन सुमारें पावणेपांच मिनिटें जळतें, आणि तेवढ्या अवधींत सेकंदास ७,७०० मीटर असलेल्या वेगांतून अवघे १२० ते १३० मीटर कमी होतात. म्हणजे सुमारें साठावा हिस्सा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी लोकल ताशीं ५९ वर आणावी, इतकाच हा ब्रेक!

एवढ्यानें यान खालीं कसें येतें? ह्याचें गणित मोठें मनोरंजक आहे. ह्या उंचीवर यानाचा वेग सेकंदास एका मीटरनें कमी केला तर पृथ्वीच्या बरोबर दुसऱ्या अंगास त्याची उंची सुमारें साडेतीन किलोमीटरांनीं उतरते. सेकंदास शंभर मीटर कमी केले तर ती सुमारें साडेतीनशें किलोमीटरांनीं उतरते. पूर्वीं वर्तुळाकार असलेली यानाची वाट आतां लंबवर्तुळाकार होते, आणि तिचें खालचें टोंक दाट हवेंत बुडतें. ब्रेक एका गोलार्धांत लावावयाचा आणि त्याचें फळ अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर दुसऱ्या गोलार्धांत पदरांत पडावयाचें, असा हा प्रकार आहे.

उरलेला सारा वेग हवा मारते. तो अग्निबाणानेंच मारावयाचा म्हटलें तर, वर जातांना जसा प्रचंड अग्निबाण लागला तसाच दुसरा परतीसाठीं बरोबर वर न्यावा लागेल, आणि तें अशक्यप्राय आहे. पृथ्वीभोंवतालच्या हवेचा ब्रेक आयताच मिळतो. परंतु त्याचेंहि मोल द्यावें लागतें, आणि तें उष्णतेच्या रूपानें. सेकंदास ७.७ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या एक किलो वजनाच्या वस्तूंत जितकी गतिजन्य ऊर्जा असते, तितक्या ऊर्जेंत आपल्या नळाचें सुमारें शंभर किलो पाणी उकळीस येईल. यानापुढील हवा एकाएकीं दाबली जाऊन इतकी तापते कीं, यानाभोंवतीं प्रखर तेजाचें आवरण निर्माण होतें व कांहीं काळ त्याच्याशीं बिनतारी संदेशांनीं बोलणेंहि बंद पडूं शकतें. ह्यासाठींच यानाच्या पुढील अंगास उष्णतारोधक कवच बसवितात. ह्या उष्णतेचा बराचसा भाग हवेंतच निघून जातो; उरलेला हें कवच सोसतें.

जेथें हवा नाहीं तेथें काय करावयाचें, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर आपल्या चांद्रयान-३ नें २३ ऑगस्ट २०२३ रोजीं दिलें. चंद्रावर वातावरण नाहीं म्हणण्यास हरकत नाहीं. तेथें हवेचा ब्रेक नाहीं व हवाई छत्रीचाहि उपयोग नाहीं. म्हणून विक्रम नांवाच्या त्या यानानें ३० किलोमीटर उंचीवरून उतरावयास आरंभ केला तेव्हां त्याचा सेकंदास सुमारें १.७ किलोमीटर असलेला सर्व वेग अग्निबाणांनींच मारावा लागला. ह्या कामास सुमारें एकोणीस मिनिटें लागलीं. अशा कार्यासाठीं लागणारीं यंत्रें आपणांपासून फार दूर घडतात असें मात्र कोणीं समजूं नये. घाटकोपर आणि मुलुंड ह्यांच्या दरम्यान विक्रोळी आहे. तेथील गोदरेजच्या कारखान्यानें भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या म्हणजे इस्रोच्या अग्निबाणांसाठीं 'विकास' एंजिनें आणि उपग्रहांची दिशा व गति बदलणारे लहान थ्रस्टर वर्षानुवर्षें घडविले आहेत. आपण ज्या रेल्वेमार्गानें शाळेस येतों जातों, त्याच मार्गालगत ही कारागिरी चालत आली आहे.

शेहेचाळीस मिनिटांचा धडा

आतां आपल्याच देशांतील एका प्रयोगाचा क्रम घड्याळ हातांत धरून पाहूं. १० जानेवारी २००७ रोजीं श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही अग्निबाणानें सुमारें ५५० किलो वजनाची एक कुपी अवकाशांत नेली. ती परत आणण्यासाठींच पाठविली होती. कक्षेंतून एखादी वस्तु सुखरूप परत आणण्याचा इस्रोचा हा पहिलाच प्रयत्न होता. कुपींत मनुष्य नव्हता. भाररहित अवस्थेंत करावयाच्या दोन प्रयोगांचें साहित्य होतें. प्रथम ती ६०० किलोमीटरांहून अधिक उंचीवर फिरत होती. १९ जानेवारीस तिची कक्षा लंबवर्तुळाकार करण्यांत आली.

२२ जानेवारी हा परतण्याचा दिवस. सकाळीं ८ वाजून ४२ मिनिटांनीं कुपी वळविण्यास आरंभ झाला, कारण प्रथम दिशा आणि मग ब्रेक हाच नियम. बरोबर ९ वाजतां तिचे अग्निबाण पेटले व ९ वाजून १० मिनिटांनीं बंद झाले. ९ वाजून १७ मिनिटांनीं ती पुन्हां वळविली गेली. ह्या वेळीं कवचाचें अंग पुढें करून हवेंत शिरण्यासाठीं. ९ वाजून ३७ मिनिटांनीं ती १०० किलोमीटर उंचीवर दाट हवेच्या उंबरठ्याशीं आली. त्या क्षणीं तिचा वेग सेकंदास ८ किलोमीटर होता. भूपृष्ठापासून ५ किलोमीटरांवर येईपर्यंत हवेनें तो सेकंदास १०१ मीटरांवर आणला. नंतर लहान हवाई छत्र्या उघडल्या व तो ४७ मीटरांवर आला. सुमारें दोन किलोमीटर उंचीवर मोठी छत्री उघडली, आणि ९ वाजून ४६ मिनिटांनीं कुपी सेकंदास १२ मीटर ह्या वेगानें श्रीहरिकोट्याच्या पूर्वेस सुमारें १४० किलोमीटरांवर बंगालच्या उपसागरांत पडली. तेथें तटरक्षक दलाचे लोक तिची वाट पाहत होतेच. त्यांनीं ती पाण्यांतून उचलून आणली.

ह्या हिशेबाकडे बारकाईनें पाहा. ब्रेक लागला तेव्हांपासून समुद्रस्पर्शापर्यंत ४६ मिनिटें. त्यांपैकीं अग्निबाणाचीं मिनिटें दहा. त्या दहा मिनिटांनंतर उतरणें परत मागें फिरवितां येण्यासारखें नव्हतें. कुपी कोठें पडावी हें ९ वाजून ४६ मिनिटांनीं ठरलें नाहीं. तें ९ वाजून १० मिनिटांनींच ठरून गेलें होतें.

दिशा, वेळ आणि जोर

ह्या कार्यांत चूक तीन ठिकाणीं होऊं शकते: दिशेंत, वेळेंत आणि जोरांत. तिन्हींचीं उदाहरणें इतिहासांत आहेत.

दिशेचें उदाहरण १९६० मधील आहे. त्या वर्षीं १५ मे रोजीं सोविएत रशियानें मनुष्यास नेण्यायोग्य अशा यानाचा पहिला नमुना, आंत मनुष्य न बसवितां, कक्षेंत सोडला. चार दिवसांनीं त्यास परत बोलाविण्यासाठीं अग्निबाण पेटविण्यांत आला. परंतु यानाचें दिशा ओळखणारें साधन बिघडलेलें असल्यामुळें यानाचें तोंड भलतीकडेच होतें. ब्रेक म्हणून पेटविलेल्या अग्निबाणानें वेग घटविण्याऐवजीं वाढविला, आणि यान खालीं येण्याऐवजीं अधिक उंच कक्षेंत गेलें. पुढें दोन वर्षांहून अधिक काळानें, ५ सप्टेंबर १९६२ रोजीं, तें आपल्या मनानें हवेंत शिरलें व जळालें. तथापि त्याचा सुमारें ९ किलो वजनाचा धातूचा एक तुकडा अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, मॅनिटोवॉक नांवाच्या गांवीं, भर रस्त्यांत येऊन पडला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

वेळेचें उदाहरण मार्च १९६५ मधील आहे. अवकाशांत यानाबाहेर पडून तरंगणारा पहिला मनुष्य आलेक्सेइ लिओनोव्ह आणि त्याचा नायक पावेल बेल्यायेव्ह हे वोस्खोद-२ यानांतून परत निघाले, तों आपोआप उतरविणारी यंत्रणा चालेना. बेल्यायेव्हनें स्वतःच्या हातांनीं यान वळवून अग्निबाण पेटविला. परंतु यानांतील जागा इतकी अपुरी होती कीं, दिशा पाहून पुन्हां आपल्या आसनावर येण्यांत ४६ सेकंद अधिक गेले. सेकंदास पावणेआठ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या यानास ४६ सेकंद म्हणजे साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक अंतर. यान ठरल्या जागेच्या पलीकडे, पेर्मकडील बर्फानें भरलेल्या घनदाट अरण्यांत उतरलें, व त्या दोघांस थंडींत तेथें दोन रात्री काढाव्या लागल्या.

जोराचें उदाहरण समजण्यापूर्वीं आपल्या राकेश शर्मांचें स्मरण केलें पाहिजे. ३ एप्रिल १९८४ रोजीं अवकाशांत गेलेले शर्मा ११ एप्रिल रोजीं सोयूझ जातीच्याच यानांतून कझाकस्तानांत सुखरूप उतरले. अवकाशांत गेलेला पहिला भारतीय म्हणून त्यांचें नांव प्रत्येक मुलास माहीत आहे. पण त्यांच्या परतीच्या ब्रेकानें आपलें काम चोख बजावलें, हें आपण गृहीत धरून चालतों. तें गृहीत धरण्यासारखें नव्हतें, हें चार वर्षांनीं दिसून आलें. सप्टेंबर १९८८ मध्यें अफगाणिस्तानचा अब्दुल अहद मोहमंद हा रशियन नायक व्लादिमिर ल्याखोव्ह ह्याच्याबरोबर तसल्याच यानांतून परत येत होता. पहिल्या खेपेस एंजिन वेळेवर पेटलें नाहीं. दुसऱ्या खेपेस पेटलें, पण पुरतें न जळतांच बंद पडलें. इकडे उतरण्याचा आपोआप चालणारा क्रम मात्र पुढें चाललाच होता, आणि ज्या भागांत तें एंजिन होतें तो भागच यानापासून सुटून जाण्याची वेळ जवळ येत होती. तो सुटता तर त्या दोघांपाशीं ब्रेकच उरला नसता. वर फिरत फिरत हवा संपण्याची वाट पाहणें एवढेंच त्यांच्या हातीं राहिलें असतें. त्यांनीं तो क्रम वेळींच थांबविला. राहण्याची प्रशस्त खोली यानापासून आधींच सुटली असल्यामुळें एक संपूर्ण दिवस दोघांनीं इवल्याशा कोठडींत दाटीवाटीनें काढला, आणि ७ सप्टेंबर रोजीं एंजिन नीट पेटून ते भूमीवर आले.

ज्यास ब्रेक नाहीं त्याची गति

येथवर ज्यांचा विचार केला त्या सर्व यानांस ब्रेक होता. परंतु पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या वस्तूंपैकीं पुष्कळांस तो नसतो, किंवा असला तरी त्याचें इंधन संपलेलें असतें. अशा वस्तु वर कायमच्या राहतात असें नाहीं. शेंकडों किलोमीटर उंचीवरहि अत्यंत विरळ हवा असते. ती त्यांचा वेग कणाकणानें खाते व अखेर त्या खालीं येतात. मात्र केव्हां व कोठें, हें नेमकें कोणासहि सांगतां येत नाहीं. कारण सूर्याच्या तेजांतील फरकांनीं वरची हवा कधीं फुगते, कधीं आकसते. अंदाज एका तासानें चुकला तर जागा सत्तावीस हजार किलोमीटरांनीं चुकते.

ह्याचा अनुभव आपल्या महाराष्ट्रानें घेतला आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. रात्रीं महाराष्ट्र व मध्यप्रदेश ह्यांतील लोकांनीं आकाशांतून जळत जाणारे गोळे पाहिले. कित्येकांस ती उल्का वाटली. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी नांवाच्या गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें आभाळांतून येऊन मोकळ्या जागेंत आदळलें. आसपासच्या भागांत धातूचे पोकळ गोळेहि सांपडले. फेब्रुवारी २०२१ मध्यें सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असें तज्ज्ञांनीं सांगितलें. मनुष्यहानि झाली नाहीं. पण तें कडें मोकळ्या जागेंत पडलें, एखाद्या घरावर पडलें नाहीं, ह्यांत कोणाचीहि योजना नव्हती. तो निव्वळ योगायोग होता. तो टप्पा उतरला नाहीं, तो पडला.

ह्याच्या अगदीं उलट उदाहरण पुढच्याच वर्षीं इस्रोनें घालून दिलें. पावसाळी मेघांचा व उष्ण कटिबंधांतील हवामानाचा अभ्यास करण्यासाठीं भारत व फ्रान्स ह्यांनीं मिळून मेघा-ट्रॉपिक्स नांवाचा सुमारें हजार किलो वजनाचा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजीं सोडला होता. त्याचें कार्य संपलें तेव्हां तो सुमारें ८६७ किलोमीटर उंचीवर होता. तसाच सोडून दिला असता तर तो शंभराहून अधिक वर्षें वर भटकत राहिला असता. असें नियंत्रित उतरणें त्याच्या मूळ रचनेंत योजिलेलें नव्हतें. तरीहि त्यांत पुरेसें इंधन शिल्लक होतें. त्या इंधनानें २०२२ च्या ऑगस्टपासून त्याची कक्षा टप्प्याटप्प्यानें खालीं आणण्यांत आली. ७ मार्च २०२३ रोजीं त्याचे चार लहानसे थ्रस्टर सुमारें वीस वीस मिनिटें दोन वेळां पेटविले गेले, आणि उपग्रह पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागावर हवेंत शिरून नष्ट झाला. त्यांतील प्रत्येक थ्रस्टरचा जोर अवघा ११ न्यूटन होता. म्हणजे एक किलोहून थोडेंसेंच अधिक वजन उचलून धरण्यास हाताला जितका जोर लागतो, तितकाच. हजार किलोच्या उपग्रहास योग्य जागीं नेण्यास तेवढा जोरहि पुरला, कारण तो योग्य वेळीं, योग्य दिशेस व पुरेसा वेळ लावला गेला.

समारोप

१५ जुलै २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाहून परतून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्याजवळ समुद्रांत उतरले. त्यांच्या ड्रॅगन यानाचे लहान अग्निबाण सुमारें अठरा मिनिटें जळले. छत्र्या, समुद्र, हंसतमुखानें बाहेर येणारे प्रवासी, हें सारें जगानें पाहिलें; अठरा मिनिटांच्या त्या ज्वाळा मात्र फारच थोड्यांच्या ध्यानांत राहिल्या असतील. सोयूझ यान जमिनीवर उतरतें तेव्हां तर अखेरच्या क्षणीं, जमीन मीटरभराहूनहि कमी अंतरावर आली असतां, आणखी लहान अग्निबाण पेटून शेवटचा दणका सौम्य करतात. आरंभींहि ब्रेक आणि अखेरीसहि ब्रेक.

पडणाऱ्या व उतरणाऱ्या वस्तूंवर पृथ्वीचें आकर्षण सारखेंच असतें. लाडबोरीचें कडें आणि शुक्लांचें यान ह्यांस खालीं ओढणारी शक्ति एकच होती. दोहोंतील भेद एवढाच कीं, एकासाठीं परतीचें इंधन राखून ठेविलें होतें, आणि ब्रेकाची दिशा, वेळ व जोर कोणीतरी आधीं मोजून ठेविला होता. वर नेलेल्या प्रत्येक किलोचें मोल फार असतें. म्हणून परतीसाठीं इंधन राखणें हा तोट्याचा व्यवहार आहे, असें वर पाठविणारास वाटण्याचा संभव असतो. पण त्या व्यवहारांत खालच्या मनुष्यांचाहि हिस्सा असतो. तीं माणसें लाडबोरीचीं असोत, मॅनिटोवॉकचीं असोत किंवा दाट वस्तीच्या आपल्या उपनगरांतील असोत. उद्यां आपणांपैकीं कोणी एंजिनें घडविण्याच्या कामीं लागला तर त्यानें वर जाण्याच्या हिशेबाबरोबर खालीं येण्याचा हिशेबहि त्याच कागदावर मांडावा. तो मांडल्यावांचून आराखडा पुरा झाला असें म्हणूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वेग सेकंदास एक मीटरनें घटला तर दुसऱ्या अंगाची उंची साडेतीन किलोमीटरांनीं उतरते. ४०० किलोमीटर उंचीवरील यानाची दुसऱ्या अंगाची उंची ५० किलोमीटरांवर आणावयाची असल्यास वेग किती कमी करावा लागेल?

२. ब्रेक पांच सेकंद उशिरां लागला तर उतरण्याची जागा सुमारें किती किलोमीटरांनीं पुढें जाईल? चर्चगेट ते बोरिवली हें रेल्वेचें अंतर ३४ किलोमीटर आहे. तुमचें उत्तर त्याहून अधिक आहे कीं कमी?

३. २२ जानेवारी २००७ रोजीं परतलेल्या कुपीस अग्निबाण पेटविण्यापूर्वीं एकदां व नंतर पुन्हां एकदां कां वळविलें गेलें, हें स्वतःच्या शब्दांत लिहा.